एका वेळी एकच फंक्शन उघडं: व्हीएस कोडमध्ये फोल्डिंग वापरून लक्ष कसं टिकवायचं

आमच्या सोसायटीची देखभाल बिलं मी एका पायथन स्क्रिप्टने काढते. सुरुवातीला दीडशे ओळींची असलेली ती फाइल सहा वर्षांत 940 ओळींची झाली. मागच्या मे महिन्यात एक सदस्य बिल घेऊन दारात आले. म्हणाले, "ताई, माझा फ्लॅट भाड्याने दिलाय, दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लागणार हे मान्य आहे. पण हा आकडा दहा टक्क्यांचा वाटत नाही." (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी लावते ते जादा शुल्क.)

त्या रात्री व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये फाइल उघडून बसले. स्क्रोल करता करता पावतीच्या फंक्शनमध्ये एक अशुद्ध शब्द दिसला, तो सुधारला. मग तारखेचा एक फॉरमॅट खटकला, तो बदलला. ईमेल पाठवणाऱ्या भागात एकच ओळ तीनदा लिहिलेली दिसली, ती एकत्र करायला घेतली आणि त्यात काहीतरी मोडलं. दीड तास गेला, आणि नॉन-ऑक्युपन्सीची ओळ मी अजून पाहिलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच काम फाइल आधी पूर्ण फोल्ड करून, म्हणजे प्रत्येक भागाची फक्त पहिली ओळ दिसेल अशी मिटवून घेतलं. वीस मिनिटांत चूक सापडली. तेव्हापासून मी कोणतीही मोठी फाइल उघडी ठेवून काम सुरू करत नाही. ती पद्धत इथे पायरीपायरीने सांगते. उदाहरण त्याच फाइलचं घेते, कारण ती मला पाठ आहे.

एक खुलासा आधीच करते. कळांची आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं दाबायची. कळा विंडोज आणि लिनक्सच्या आहेत. मॅकवर ‘कंट्रोल के’ने सुरू होणाऱ्या बहुतेक आज्ञांमध्ये कंट्रोलच्या जागी कमांड येतं. आणि तुम्ही कॉमेंट मराठीत लिहीत असाल, तर एखादा शॉर्टकट चालेनासा झाल्यावर आधी कळफलक मराठीवर राहिला आहे का ते पाहा. कंसांच्या कळांवर मराठी कळफलकात अक्षरं असतात, त्यामुळे गोंधळ होऊ शकतो.

मुळात फोल्डिंग कशासाठी

माझ्या लॅपटॉपवर एका वेळी साधारण 38 ओळी दिसतात. फाइल 940 ओळींची. म्हणजे कुठूनही कुठे जायचं तर मधल्या शेकडो ओळी डोळ्यांसमोरून सरकणार, आणि डोळे त्या वाचणारच. वाचायचं नाही असं ठरवून वाचणं थांबत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत साधारण सात गोष्टी राहतात असं मांडलं होतं. पुढे 2001 मध्ये नेल्सन कोवान यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. चार गोष्टी धरून ठेवायच्या आहेत आणि स्क्रोल करताना प्रत्येक फंक्शन एक नवी गोष्ट हातात देतं. मग मूळ प्रश्न निसटतो, यात नवल नाही.

कल्पना जुनी आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आपली संगणक प्रणाली लोकांसमोर चालवून दाखवली, तेव्हा त्यात बाजारहाटाची एक यादी होती. ती गटागटांत लावून, हवा तो गट उघडून आणि बाकीचे मिटवून त्यांनी दाखवलं होतं. आपल्या एडिटरच्या डाव्या कडेला दिसणारा छोटा बाण त्याच कल्पनेचा वारस आहे.

बहुतेकजण तो बाण फक्त "हे फार लांब आहे, जरा मिटवू" एवढ्यासाठी वापरतात. मी उलट दिशेने जायला सांगते आहे. आधी सगळं मिटवायचं, मग ज्याची गरज आहे तेवढंच उघडायचं. पहिल्या पद्धतीत काय लपवायचं ते ठरवावं लागतं आणि त्यासाठी सगळं बघावं लागतं. दुसऱ्या पद्धतीत काय बघायचं एवढंच ठरवावं लागतं.

पायरी 1: एकदाच करायची मांडणी

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंग्ज उघडा आणि शोधात ‘फोल्डिंग’ टाका. चार गोष्टी बघा.

‘शो फोल्डिंग कंट्रोल्स’ हे सेटिंग सुरुवातीला ‘माउसओव्हर’वर असतं, म्हणजे माउस त्या पट्टीवर नेल्याशिवाय उघड्या भागांचे बाण दिसत नाहीत. ते ‘ऑल्वेज’ करा. कुठला भाग कुठे सुरू होतो हे न शोधता दिसलं पाहिजे.

‘फोल्डिंग स्ट्रॅटेजी’ ‘ऑटो’वरच राहू द्या. त्यामुळे भाषेचा स्वतःचा आधार असेल तर एडिटर तो वापरतो, नसेल तर इंडेंटवरून (ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून) अंदाज बांधतो.

‘फोल्डिंग इम्पोर्ट्स बाय डिफॉल्ट’ चालू करा. ज्या भाषांसाठी ते चालतं तिथे फाइल उघडतानाच वरच्या वीस-पंचवीस इम्पोर्टच्या ओळी मिटतात.

चौथं सेटिंग फोल्डिंगचं नाही, पण त्याच्याबरोबर हवंच: ‘स्टिकी स्क्रोल’. तुम्ही लांब फंक्शनच्या आत असाल तर त्या फंक्शनची आणि क्लासची (एकत्र बांधलेल्या फंक्शन्सच्या गटाची) पहिली ओळ पडद्याच्या वर चिकटून राहते. आपण कोणाच्या घरात आहोत हे दारावरच्या पाटीसारखं सतत दिसतं. नव्या आवृत्त्यांत ते चालूच असतं, कोणी बंद केलं असेल तर परत चालू करा.

पायरी 2: प्रश्न एका ओळीत लिहा

फाइलला हात लावण्याआधी कागदावर एक ओळ लिहा. माझी ओळ होती: "भाडेकरू असलेल्या फ्लॅटचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज कुठल्या रकमेवर काढला जातो?"

"बिलाचा कोड बघायचा" हा प्रश्न नव्हे. तेवढ्या ढोबळ वाक्याने फाइलमधलं काहीही उघडायला परवानगी मिळते. प्रश्न इतका नेमका हवा की एखादं फंक्शन उघडावं की नाही, हे त्या ओळीकडे बघून सांगता आलं पाहिजे. ही पायरी क्षुल्लक वाटते म्हणून लोक ती गाळतात, आणि मग फोल्डिंगने काही फरक पडत नाही अशी तक्रार करतात.

पायरी 3: सगळं मिटवा

कंट्रोल के, मग कंट्रोल शून्य. ही ‘फोल्ड ऑल’ आज्ञा आहे. फाइलमधला प्रत्येक भाग, आतल्या आतल्या भागांसकट, मिटतो. मिटलेल्या ओळीच्या शेवटी तीन टिंबं दिसतात. (सगळं परत उघडायचं असेल तर कंट्रोल के, कंट्रोल जे.)

तुमचा सगळा कोड एकाच क्लासमध्ये असेल तर एक गंमत दिसेल: अख्खी फाइल जवळजवळ एका ओळीवर येते. घाबरू नका. त्या क्लासच्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि उजवा चौकोनी कंस ] दाबा. फक्त एक पातळी उघडते, आतल्या मेथड (क्लासमधली फंक्शन्स) मिटलेल्याच राहतात. माझ्या पडद्यावर असं दिसलं (नावं इथे मराठीत लिहिली आहेत):

क्लास देखभालबिल:
    सदस्य_वाच(फाइल) …
    सेवाशुल्क_काढ(फ्लॅट) …
    निधी_काढ(फ्लॅट) …
    एकूण_काढ(फ्लॅट) …
    नॉनऑक्युपन्सी_काढ(फ्लॅट, रक्कम) …
    थकबाकी_व्याज(फ्लॅट, महिना) …
    पावती_छाप(बिल) …
    ईमेल_पाठव(बिल) …

खऱ्या फाइलमध्ये एकतीस मेथड आहेत, पण सगळ्या एका पडद्यावर मावल्या. 940 ओळींचं पुस्तक होतं, त्याची अनुक्रमणिका झाली.

आता काही उघडू नका. दोन मिनिटं ही अनुक्रमणिका नुसती वाचा. नावं आणि कंसातले आर्ग्युमेंट एवढंच. मला तेव्हाच एक गोष्ट टोचली: नॉनऑक्युपन्सी_काढ या मेथडला ‘रक्कम’ नावाचं काहीतरी बाहेरून मिळतंय. कसली रक्कम? नाव काही सांगत नाही. माझा प्रश्न नेमका त्याच शब्दात अडकला होता, आणि आदल्या रात्री दीड तास फाइल पाहूनही तो शब्द मला दिसला नव्हता.

पायरी 4: एकच भाग उघडा

हव्या त्या मेथडच्या ओळीवर जा आणि पुन्हा कंट्रोल शिफ्ट ]. झालं.

काम चालू असताना हळूहळू पाच-सहा भाग उघडे पडतात, ते होणारच. तेव्हा परत आवरायला फार उपयोगी पडणारी आज्ञा ‘फोल्ड लेव्हल’ची आहे. कंट्रोल के, मग कंट्रोल आणि 1 ते 7 यांपैकी आकडा. 1 म्हणजे सर्वांत बाहेरची पातळी, 2 म्हणजे तिच्या आतली. क्लास पहिल्या पातळीवर, मेथड दुसऱ्या, मेथडमधले जर-तर आणि लूप तिसऱ्या.

हिची खुबी अशी की त्या पातळीवरचे सगळे भाग मिटतात, पण कर्सर ज्या भागात आहे तो उघडाच राहतो. म्हणजे मेथडच्या आत कुठेही कर्सर असताना कंट्रोल के, कंट्रोल 2 दाबलं की शेजारच्या सगळ्या मेथड मिटतात आणि तुमची तेवढी उघडी उरते. दिवसात सर्वांत जास्त वेळा मी हीच आज्ञा देते. फाइलमध्ये क्लास नसेल, नुसती फंक्शन्स असतील, तर 2 च्या जागी 1.

माउसने करायचं असेल तर शिफ्ट धरून बाणावर क्लिक करा. तो भाग आतल्या सगळ्या भागांसकट मिटतो किंवा उघडतो. कीबोर्डवर याचीच जोडी कंट्रोल के, कंट्रोल [ आणि कंट्रोल के, कंट्रोल ] अशी आहे.

पायरी 5: उघडलेल्या फंक्शनच्या आतही मिटवा

इथे बरेचजण थांबतात, आणि खरा फायदा इथेच असतो. साठ ओळींचं फंक्शन उघडलं की साठ ओळी वाचायच्या असं नाही. आतल्या जर-तरच्या फांद्या मिटवा आणि आधी नुसत्या अटी वाचा. माझी मेथड अशी दिसली:

जर सदस्य स्वतः राहतो …
नाहीतर जर जवळचे नातेवाईक राहतात …
नाहीतर जर फ्लॅट कुलूपबंद आहे …
नाहीतर जर भाडेकरू राहतो …

चार ओळींत सोसायटीचा अख्खा नियम समोर आला. नातेवाईकांना शुल्क नाही, रिकाम्या फ्लॅटला नाही, भाडेकरू असेल तर आहे. अटींचा क्रम बरोबर आहे का, एखादी राहिली आहे का, हे तपासायला आतला हिशेब लागत नाही. अटी ठीक आहेत अशी खात्री पटल्यावर मी फक्त चौथी फांदी उघडली. आत दोन ओळी होत्या. त्यातली एक: शुल्क म्हणजे ‘रक्कम’ गुणिले 0.10.

गुणाकार ठीक. मग ‘रक्कम’ काय?

पायरी 6: दुसरीकडे जायचंच असेल तर उडी मारा, चालत जाऊ नका

या क्षणी हात माउसच्या चाकाकडे जातो. तिथे स्वतःला थांबवा. स्क्रोल केलं की वाटेतलं सगळं दिसणार.

एखादं फंक्शन कुठे लिहिलंय ते बघायला त्याच्या नावावर कर्सर ठेवून एफ 12 दाबा. व्हीएस कोड थेट त्याच्या पहिल्या ओळीवर नेतो. ते फंक्शन मिटलेलं असेल तर मिटलेलंच राहतं, कारण कर्सर दिसणाऱ्या ओळीवरच आलेला असतो. पुष्कळदा ती एक ओळ पुरते आणि आत जावंच लागत नाही. परत यायला विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण. जागा न सोडता डोकावायचं असेल तर ऑल्ट एफ 12, तिथल्या तिथे एक खिडकी उघडते. एखादं फंक्शन कोण कोण वापरतं हे बघायचं असेल तर शिफ्ट एफ 12. नाव माहीत असेल तर कंट्रोल शिफ्ट ओ दाबून पहिली दोन-तीन अक्षरं टाकायची.

मी शिफ्ट एफ 12 ने पाहिलं: नॉनऑक्युपन्सी_काढ एकाच जागेवरून बोलावलं जात होतं, आणि तिथे तिला एकूण_काढ या मेथडचं उत्तर दिलं जात होतं. एकूण_काढ उघडली. तिच्यात सेवाशुल्क होतं, सिंकिंग फंड होता, दुरुस्ती निधी होता, पालिकेचा कर होता. चूक सापडली. महाराष्ट्र शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या निर्णयानुसार नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के, आणि त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. माझी स्क्रिप्ट अख्ख्या बिलावर दहा टक्के लावत होती. पहिल्या वर्षी ‘एकूण’मध्ये फक्त सेवाशुल्क असायचं, नंतर मीच निधी त्यात मिळवले आणि ही मेथड विसरले. त्या सदस्यांचं म्हणणं खरं होतं. पैसे पुढच्या बिलात वळते केले.

पायरी 7: वाटेत दिसलेल्या चुकांचं काय करायचं

फोल्डिंग केलं तरी दुसऱ्या चुका दिसतातच. त्या सोडवत सुटायचं नाही आणि विसरायच्याही नाहीत. प्रश्न लिहिलेल्या कागदावरच खाली एका ओळीत टिपा: "पावती, शब्द अशुद्ध." मग तो भाग मिटवा. टिपून मिटवणं या दोन कृती एकत्र झाल्या की मन त्या गोष्टीला सोडतं, असा माझा पक्का अनुभव आहे. नुसतं टिपून भाग उघडा ठेवला तर दहा मिनिटांनी मी परत तिथेच असते.

मिटलेल्या कोडशी वागताना

काही गोष्टी माहीत नसतील तर नुकसान होऊ शकतं, म्हणून जरा थांबून सांगते.

शोध मिटलेल्या भागातही चालतो. कंट्रोल एफने शोधलेला शब्द मिटलेल्या भागात असेल तर तिथे पोचताच तो भाग आपोआप उघडतो. हे सोयीचं आहे, पण वीस ठिकाणी शोधत गेलात तर वीस भाग उघडे पडतात. नंतर फोल्ड लेव्हलने आवरा.

‘रिप्लेस ऑल’ मात्र न दिसणाऱ्या ओळींतही बदल करतं. समोर चार ओळी दिसत आहेत म्हणून चारच बदलतील असं समजू नका. शोधाच्या चौकटीत किती ठिकाणी सापडलं तो आकडा असतो, तो वाचल्याशिवाय बटण दाबू नका. फक्त एका फंक्शनमध्ये बदल हवा असेल तर ते फंक्शन निवडून, त्याच चौकटीतलं ‘निवडलेल्या भागात शोधा’ हे चिन्ह दाबा.

मिटलेलं फंक्शन उचलून दुसरीकडे न्यायला फोल्डिंगइतकी चांगली वेळ नाही. पण नुसता कर्सर ठेवून कापू नका. ओळीच्या अगदी सुरुवातीला या, शिफ्ट धरून खालचा बाण एकदा दाबा. कर्सर पुढच्या दिसणाऱ्या ओळीवर जातो आणि मधला सगळा न दिसणारा भाग निवडला जातो. आता कापा आणि नव्या जागी चिकटवा. चिकटवल्यावर एकदा उघडून शेवटची ओळ आली आहे ना ते पाहा.

फोल्ड नीट पडत नसेल तर

इंडेंटवरून चालणाऱ्या फोल्डिंगची एक नेहमीची अडचण आहे. पायथनमध्ये तिहेरी अवतरणात लांब एसक्यूएल लिहिताना काहीजण त्या ओळी अगदी डाव्या कडेला चिकटवतात. इंडेंट शून्य झालं की एडिटरला वाटतं फंक्शन संपलं, आणि घडी मधेच तुटते. उपाय: एसक्यूएलही फंक्शनच्या इंडेंटमध्ये लिहा, किंवा ते वेगळ्या फाइलमध्ये काढा. टॅब आणि स्पेस मिसळलेल्या जुन्या फाइलमध्येही असंच होतं. खालच्या पट्टीत ‘स्पेसेस’ किंवा ‘टॅब साइझ’ लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून सगळी फाइल एका प्रकारात बदलून घ्या.

ज्या ओळींना स्वतःची रचना नाही, उदाहरणार्थ वीस कॉन्स्टंट एकाखाली एक, त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. तात्पुरता मार्ग: ओळी निवडा, कंट्रोल के आणि मग कंट्रोल स्वल्पविराम. तुमच्यापुरता एक फोल्ड तयार होतो, फाइलमध्ये काही लिहिलं जात नाही. काढायला कंट्रोल के, कंट्रोल पूर्णविराम. कायमचा मार्ग: रीजन. पायथनमध्ये हॅश चिन्हाला जोडून ‘रीजन’ हा इंग्रजी शब्द आणि पुढे नाव, शेवटी तसंच ‘एंडरीजन’. जावास्क्रिप्टमध्ये दोन तिरप्या रेषा आणि मग हॅश. सगळे रीजन मिटवायला कंट्रोल के, कंट्रोल 8 आणि उघडायला कंट्रोल के, कंट्रोल 9.

रीजनबाबत माझं मत कडक आहे. ते फक्त डेटासाठी वापरा: कॉन्स्टंट, टेस्टचे नमुने, लांब तक्ते. दोनशे ओळींच्या फंक्शनमध्ये पाच रीजन घालून ते नीटनेटकं दिसायला लावणं म्हणजे कचरा कार्पेटखाली सारणं. तिथे पाच वेगळी फंक्शन्स व्हायला हवीत. एखादा तुकडा तुम्ही रोज मिटवत असाल आणि त्याला एका वाक्यात नाव देता येत असेल, तर त्याचं फंक्शन करण्याची वेळ आली आहे.

विम वापरणाऱ्यांसाठी

विम या दुसऱ्या एडिटरमध्ये फोल्डिंग 2001 साली 6.0 आवृत्तीत आलं आणि आजही त्याच्याइतकं खोल फोल्डिंग मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. सगळ्या आज्ञा झेडने सुरू होतात, कारण झेड हे अक्षर दुमडलेल्या कागदासारखं दिसतं. झेड ए म्हणजे मिटवा-उघडा. झेड आणि मोठा एम म्हणजे सगळं मिटवा. झेड आणि मोठा आर म्हणजे सगळं उघडा.

लक्ष टिकवण्यासाठी एकच जोडी पाठ करा: झेड, मोठा एम, झेड, लहान व्ही. पहिल्या दोन कळांनी सगळं मिटतं, पुढच्या दोन कळांनी कर्सरची ओळ दिसण्यापुरतं उघडतं. मी ही जोडी एका कळीवर बसवून घेतली आहे.

‘फोल्डमेथड’ सुरुवातीला ‘मॅन्युअल’ असतो, म्हणून नव्या माणसाला विममध्ये फोल्डिंगच नाही असं वाटतं. तो ‘इंडेंट’ करा. पायथनमध्ये इंडेंट पद्धतीत फंक्शनची पहिली ओळ घडीत जात नाही, ती वर दिसत राहते आणि तिच्या खाली मिटलेली ओळ येते. नावं वाचायला हे उलट बरं पडतं. फाइल उघडताना सगळं मिटलेलं नको असेल तर ‘फोल्डलेव्हलस्टार्ट’ 99 ठेवा.

विम आणि व्हीएस कोड यांच्यातला एक फरक बोटांना लक्षात ठेवायला सांगा: विममध्ये मिटलेल्या ओळीवर डी डी दाबलं की आतला अख्खा भाग जातो. फंक्शन हलवायला ही मेजवानी आहे, पण एकच ओळ पुसायची होती अशा वेळी घात होतो. यू दाबून परत आणता येतं. हाताने घातलेल्या घड्या फाइल बंद केल्यावर टिकवायच्या असतील तर ‘एमकेव्ह्यू’, परत आणायला ‘लोडव्ह्यू’.

इमॅक्स या एडिटरमध्ये याहून सरळ मार्ग आहे. कंट्रोल एक्स, मग एन, मग डी दाबलं की चालू फंक्शन सोडून बाकीची फाइल नजरेआड होते, आणि शोध-बदलही तेवढ्याच भागात चालतो. परत यायला कंट्रोल एक्स, एन, डब्ल्यू. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ऑल्ट 0 ने सगळं मिटतं, ऑल्ट शिफ्ट 0 ने उघडतं, आणि ऑल्टबरोबर 1 ते 8 आकडे पातळीप्रमाणे मिटवतात. जेटब्रेन्सच्या एडिटरमध्ये कंट्रोल आणि वजा, कंट्रोल आणि अधिक, आणि शिफ्ट जोडलं की सगळ्या फाइलसाठी.

कोड लिहीत नसाल तरी मार्कडाउनमध्ये लांब लेख लिहिताना हेच करून बघा. शीर्षकांवरून भाग मिटतात. हा लेख लिहिताना माझ्यासमोर चालू असलेला भागच उघडा होता. मोठी जेसन फाइलही पातळ्यांनी मिटवली की पहिल्यांदा कळते.

काम संपवताना

बदल झाला, आता कमिट करायचं, म्हणजे तो बदल गिटसारख्या प्रणालीत कायमचा नोंदवायचा. इथे मिटलेल्या फाइलवर विश्वास ठेवू नका. चुकून मिटलेल्या भागात काही टाइप झालं असेल तर ते मिटलेल्या फाइलमध्ये दिसणार नाही. म्हणून कमिटच्या आधी डिफ (आधीच्या आणि आताच्या कोडमधला फरक दाखवणारी खिडकी) उघडा आणि प्रत्येक बदललेली ओळ वाचा. डिफच्या खिडकीत न बदललेले भाग मिटवण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. तिथे मिटलेलं म्हणजे न बदललेलं, हे एडिटर स्वतः तपासून सांगतो.

मग टिपलेला कागद घ्या. माझ्या कागदावर त्या दिवशी तीन ओळी होत्या. पावतीतला अशुद्ध शब्द आदल्या रात्रीच सुधारून झाला होता, तो खोडला. बाकीच्या दोन्हींसाठी वेगळं कमिट करायचं ठरवलं. फाइल बंद करण्याआधी फोल्ड लेव्हलने सगळं मिटवलं आणि ईमेल_पाठव तेवढी उघडी ठेवली. व्हीएस कोड ती स्थिती लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडलं, तेव्हा पडद्यावर तीच एक मेथड उघडी होती आणि कर्सर तिच्यात होता.